भिंतीबाहेरचं बाळ

मृतांच्या दिवशी आमच्या वसईच्या दफनभूमीत फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत होते. शेजारच्या रोझीमावशींनी नवऱ्याच्या कबरीवर झेंडू वाहिले, मेणबत्ती लावली आणि दुसरी मेणबत्ती घेऊन त्या भिंतीबाहेर गेल्या. त्यांचं पहिलं बाळ तिथे चिंचेखाली पुरलं आहे. बाप्तिस्म्याआधीच ते गेलं, म्हणून तेव्हाच्या फादरांनी त्याला आत जागा दिली नाही. स्वर्गातही मिळणार नाही, म्हणाले.

गवंड्याने भिंत जमिनीवर घातली होती, यांनी ती आभाळापर्यंत नेली. धड डोळेही न उघडलेल्या जिवाला जो स्वर्ग दाराशी अडवतो, तो मला फुकट दिला तरी नको.

आताचे फादर तरुण आहेत, मवाळ आहेत. मावशींच्या मागोमाग बाहेर येऊन ते हळूच म्हणाले, "मावशी, चर्च आता तसं शिकवत नाही. तुमचं बाळ देवाजवळच असेल."

मावशींनी हाताचा आडोसा करून मेणबत्ती पेटवली.

"मग आत जाऊन त्याच्या बापालाही सांगा, फादर," त्या म्हणाल्या. "ते रडतच गेले."