मामांचं खाणं आणि लावणं

आमच्या बायकोच्या मामांइतका एकाग्र माणूस पनवेलात झाला नाही, आणि विमानतळाच्या बाजूला कितीही इमारती उठल्या तरी त्यांत तसा कोणी राहायला येईल असं वाटत नाही. माझं लक्ष पेपरातल्या मथळ्यावरून बातमीपर्यंत जाता जाता चहाकडे वळतं. मामा मात्र क्रिकेट सुरू झालं की ध्यानाला बसतात. कारण ते सामना बघत नाहीत, सामन्याचा सौदा करतात. समोर शेजारचे रफीकभाई, त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. पैशाला दोघांचाही हात नाही. चलन एकच, करंजा बंदरावरचे सुके बोंबील. एखाद्या संघावर बोंबील ठेवायचे म्हणजे ‘लावायचे’, त्याच्या विरुद्ध जायचं म्हणजे ‘खायचे’. चेंडूगणिक भाव हलतो, लावल्यावर ‘खातो’ म्हटलं की त्या क्षणीच्या भावाने हिशेब मिटतो, आणि तोंडातून निघालेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

पण हेच दोन शब्द घरात दिवसभर उडत असतात, तिथे घोळ. एकदा मामांनी एका संघावर भरपूर लावलेलं आणि त्याचा भाव पार पडलेला असताना मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, थालीपीठ खाताय ना?”

“खातो, खातो!” मामा तंद्रीतच म्हणाले.

“खाल्ला! सौदा पक्का!” रफीकभाईंनी टाळी वाजवली. त्या दिवशी मामांचा संघ जिंकला आणि मामा हरले.

तेव्हापासून सामना चालू असताना घरात ही दोन क्रियापदं बंद. मामी निरांजन ‘प्रज्वलित’ करतात आणि मला विचारतात, “जावईबापू, अल्पोपाहार ग्रहण करता का?” मी एकदा नुसतं “दार लावू का?” म्हणालो, तर सामना संपेपर्यंत मला जिन्यात बसवलं.

गेल्या मोसमात तर प्रश्न अब्रूचा होता. रफीकभाई उलव्याला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते आणि मामांनी त्यांना अख्ख्या मोसमात एकदाही हरवलं नव्हतं. राहिला होता एकच सामना. त्यातही मामांनी लावलेला संघ गडगडला. “मामा, मोडा सौदा,” मी कळवळलो. मामांची पापणी हलली नाही. तेवढ्यात रफीकभाईंनी ताटलीवरचं झाकण काढलं. भाभींच्या हातची गरम सांदणं!

“खास तुमच्यासाठी हायेत, मामा. येवढंच बोला, खाता का?”

मामी दारातच थिजल्या. मामांनी एका हाताने नाक दाबलं, दुसऱ्याने तोंड, आणि डोळे फलंदाजावर रोवले. (मी तोवर दोन सांदणं संपवली होती.) शेवटच्या चेंडूवर चौकार गेला आणि मामा असे गरजले की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. रफीकभाईंनी हरल्या हरल्या त्यांना मिठीच मारली. “या अल्ला, काय माणूस हाय! सांदणाकडं बघितलंबी नाय!” मग बोंबलांची माळ गळ्यात घालून मामा तिन्ही मजले मिरवून आले, आणि मामींनी त्यांना चक्क ओवाळलं.

आता शेजारी दुसरं बिऱ्हाड आलंय. मामी सामन्यात हवं ते बोलतात. कोणी टपून बसलेलं नसतं, कोणी खोडी काढत नाही. परवा ऐन रंगात आलेल्या सामन्यातून उठून मामा गॅलरीत आले, उलव्याकडच्या क्रेनांकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, हल्ली लक्षच लागत नाही हो.”