पिशवीवाल्या अवधूतचं बदक

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या पिनरच्या मराठी मंडळात अवधूतला 'पिशवीवाला' म्हणतात. हा माझा शेजारी. आठवडाभर बँकेत स्क्रीनसमोर, शनिवारी दुर्बीण गळ्यात अडकवून नदीकाठी. गेल्या हिवाळ्यात कोल्न नदीवर 'स्म्यू' नावाचं दुर्मीळ पांढरं बदक दिसल्याचं त्यानं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तर मंडळातल्याच अनिशचं उत्तर आलं, "प्लास्टिकची पिशवी असेल रे." झालं. तेव्हापासून गडी मंडळात फिरकला नाही.

यंदा मंडळाची संक्रांत होती त्या शनिवारी सकाळीच त्यानं माझं दार वाजवलं. "ताई, चला. तळी गोठलीत, उघडं पाणी फक्त नदीला. स्म्यू आला तर आजच येईल."

"मी कशाला? स्वरालीला ने की."

"बायकोची साक्ष कोण मानतं? तुम्हाला दाखवलं की अख्ख्या हॅरोला कळतं."

हे कौतुकच समजून मी हळदीकुंकवाच्या काळ्या साडीवर दोन कोट चढवले.

काठाला बर्फाचे पापुद्रे, मध्ये काळ्या पाण्याची वाहती पट्टी. माझे दात वाजत होते आणि बांगड्याही.

"बांगड्या," तो कुजबुजला. मी त्या कोपराकडे सरकवल्या.

हिरव्या डोक्याची बदकं आली. एक पाणकोंबडी बर्फावरून घसरली. मग वळणावरून काहीतरी पांढरं तरंगत आलं.

"आली बघ तुझी पिशवी," मी म्हणाले.

पिशवीनं बुडी मारली.

वर आला तो स्म्यू, थेट आमच्यासमोर. शुभ्र अंगावर बारीक काळ्या रेघा. जणू तडे गेलेला बर्फाचा एक तुकडाच जिवंत होऊन पोहत होता. डोळ्याभोवती काजळ. त्यानं तुरा उभारला, थेंब झटकले आणि आमच्याकडे पाहिलं. माझ्या हातात फोन होता, तो हातातच राहिला. अवधूतची दुर्बीण छातीवर, गाल ओले. थंडीनं, असं तो म्हणतो. बदक वळणाआड गेलं तरी आम्ही दोघं तसेच उभे.

संध्याकाळी मी त्याला ओढतच मंडळाच्या हॉलवर आणलं. तो दारातच थांबला. बदक खरंच दिसलं, असं मी आत जाऊन जाहीर केलं.

"फोटो?" अनिशनं मला विचारलं.

"नाही."

"मग सांगा तरी, कसं होतं?"

मी तोंड उघडलं. नुसतंच उघडलं. डोक्यावर तुरा दाखवायला हात वर गेला, तो तसाच खाली आला.

अनिश माझ्याकडे बघत राहिला. मग तिळगुळाची वाटी उचलून दाराकडे गेला.

"आत ये रे. ताईंना शब्द सुचेना, म्हणजे काहीतरी पाहिलंय खरं. पुढच्या शनिवारी मलाही ने."