गेम लावलास काय रे?

त्या दिवसांत पोलादपुरात कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मला बोलावत. माझा स्वतःचा बिघडला, तेव्हा बोलवायला कोणीच शिल्लक नव्हतं.

बाजारपेठेतल्या एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवत असे. शिकवत असे म्हणजे माऊस कसा धरायचा इथपासून प्रिंट कशी काढायची इथपर्यंत. पण गावात तेवढ्यावर माणूस 'सर' होतो. (आमच्या अण्णांनी उभी नोकरी सरकारी कचेरीत काढली, त्यांना कोणी कधी सर म्हटलं नाही. 'सर' म्हणून हाक आली की ते आधी स्वतः बघायचे आणि मग मला सांगायचे, "जा, तुझं गिऱ्हाईक आलंय.")

तर अशा या सरांना उमरठच्या मामांनी महाडचं स्थळ आणलं. मुलीचं नाव वैशाली. मी बघायला गेलो, तिने चहा आणला आणि विचारलं, "दिवसभर क्लासमध्ये कॉम्प्युटर, मग घरी गेल्यावर काय करता?"

मी म्हणालो, "घरी गेल्यावरही कॉम्प्युटरच."

ती हसली. तेवढं हसणं मला पुरलं. चहाबरोबरचं बिस्किट विरघळून कपात बुडालं तरी मला पत्ता नव्हता. हिच्याशीच लग्न करायचं, नाही तर नाहीच, असं मी बिस्किटाशिवायच्या बशीकडे बघत ठरवून टाकलं.

पण तिच्या वडिलांनी घोळ केला. "आम्हाला तुमच्या या लायनीतलं काही कळत नाही बुवा," ते म्हणाले. "आमचा नीलेश इंजिनिअरिंगला आहे. तुमचं ज्ञान किती खरं ते तो बघेल. तो हो म्हणाला की आमचं हो."

वैशालीचा हा भाऊ कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला होता. त्याने मला खालून वर बघितलं. "सर, तो गाड्यांच्या शर्यतीचा नवीन गेम तुमच्या मशीनवर चालतो?"

"चालतो? पळतो!" मी म्हणालो. (हे बोलायला मला कोणी सांगितलं होतं? तोपर्यंत मी तो गेम डोळ्यांनी बघितलाही नव्हता.)

"मग घर बघायला येऊ तेव्हा बघूच," नीलेश म्हणाला.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं, पण घर आधी बघून घेऊ, असं ठरलं. दिवस आषाढाचे. मी गेमची सीडी पैदा केली, कॉम्प्युटरवर चढवली आणि गाडी सुरू केली. पहिली दहा मिनिटं गाडी अशी गेली की मला वाटलं, अक्षता आणायला हरकत नाही. मग तिने एक गचका दिला. मग दुसरा. मग आंबेनळी घाटात भरलेला ट्रक चढावा तशी ती रडत रडत जाऊ लागली. डावीकडे वळवली तर आपण दरीत पडल्यावर ती वळायची. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा आकडा असतो. तो आकडा आमच्या मार्कांसारखा घसरत गेला.

गाडी सुरू केली तेव्हाच आतून आईने विचारलं होतं, "गेम लावलास काय रे?"

"लावलाय."

"बरं बरं. लाव."

मला आईचं कौतुक वाटलं. अण्णा कॉम्प्युटरला 'तो डबा' म्हणायचे, पण ही बिचारी मुलाच्या कामात लक्ष घालते.

मग सुरू झाला इलाज. आधी ड्रायव्हर (गाडीचे नव्हे, मशीनचे) बदलले, काही फरक नाही. डिस्कवरचा पसारा आवरायला घेतला. पडद्यावर लाल-निळे चौकोन दिवसभर इकडून तिकडे सरकत होते, शेजारचे शांतारामकाका खुर्ची घेऊन ते बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "छान हाय, पण ष्टोरी कळली नाय." रॅम काढून खोडरबराने घासली. परत लावली. गाडी पहिल्यांदा छान, मग गचके.

"व्हायरस असंल," शांतारामकाका म्हणाले. "माणसाला लागतो काय रे तो?"

"नाही हो काका."

तरी ते दोन पावलं मागे सरकले.

मग मी चित्रांचा दर्जा कमी करत गेलो. आधी सावल्या घालवल्या. मग पाणी, मग ढग, मग रस्त्याकडेची झाडं. शेवटी उजाड माळावरून साबणाची वडी घरंगळत चालली आहे असं दृश्य उरलं, आणि ती वडीसुद्धा अडखळत होती. अण्णा मागून येऊन बराच वेळ बघत राहिले. "झाडं काल होती," ते म्हणाले. "कुणी तोडली?"

"मी तोडली."

"तरीच. निसर्गाचा कोप झालाय."

कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे मुख्य डबा, आमच्याकडे टेबलाखाली नव्हतं, हे इथे सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीला इतकी ओल सुटते की ठेवलेली वस्तू खालून भिजते. म्हणून आईच्या हुकुमावरून ते ओटी आणि माजघर यांच्यामधल्या खिडकीत चढवलं होतं. तोंड ओटीकडे माझ्याकडे, पाठ माजघराच्या गजांकडे. खिडकी त्याने पुरती बुजली होती. मी कितीदा तरी मशीन बंद केलं, ते अलीकडे ओढलं, उघडलं, पंखा फिरवून बघितला, धूळ फुंकली. आत काही नाही, मागे काही नाही. नुसते गज आणि पलीकडे आमचं माजघर. माजघरात जून ते सप्टेंबर दोऱ्याच दोऱ्या असतात, त्यांच्यावर न वाळणारे कपडे लोंबत असतात, आणि घरातली सगळी माणसं लहानपणापासून वाकून चालायला शिकलेली असतात. त्यात बघण्यासारखं काय?

आईने मीठ-मोहऱ्या घेऊन कॉम्प्युटरची दृष्ट काढली. धूर पंख्याने आत ओढला आणि मशीन शिंकल्यासारखं करून बंद पडलं. "बघ, किती दृष्ट लागली होती," आई म्हणाली.

शेवटी लाज सोडून मी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन एसटीने महाडला निघालो. शेजारच्या बाईने चादरीकडे बघून मायेने विचारलं, "किती महिन्याचं?" मी म्हणालो, "दोन वर्षांचं." ती उठून पुढच्या बाकावर गेली.

महाडला मुश्ताकभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यांचा भाऊ आखातात, त्यामुळे नवीन सामान आधी त्यांच्याकडे येणार, आणि नवीन रोगही आधी त्यांनाच माहीत असणार, असा माझा हिशेब. त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं, गेम लावला आणि चहा सांगितला. चहा आला, संपला. दुसरा चहा आला. गाडी पळतच होती. एक गचका नाही.

"सर, याला काय झालाय?" मुश्ताकभाई म्हणाले. "लोण्यासारखा चालतोय."

"घरी अडखळतो हो."

"घरी कोण त्रास देतो काय त्याला?"

"घरी कोण त्रास देणार?"

"मग राहू दे इथेच चार दिवस. हवापालट होईल."

मी हात जोडले, मशीन पुन्हा चादरीत घेतलं आणि परत आलो. खिडकीत चढवलं, लावलं. आईने आतून विचारलं, "गेम लावलास काय रे?" मी म्हटलं, "लावला." दहा-पंधरा मिनिटांत गचके सुरू.

आता मात्र मी हाय खाल्ली. महाडला चालतो आणि पोलादपुरात चालत नाही, म्हणजे दोष मशीनचा नाही, माझ्या नशिबाचा. मला वैशालीचं हसणं आठवे आणि लगेच नीलेशची हाताची घडी आठवे. क्लासमध्ये पोरं माऊस हलवत असायची आणि मी खिडकीतून धुकं बघत असायचो. जेवण जाईना. एका संध्याकाळी मी आईला सांगून टाकलं, "आई, हे लग्न काही होत नाही. त्यांना नाही म्हणून कळव."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असा धीर नको रे सोडू. जा, जरा बस कॉम्प्युटरवर. लाव गेम."

मी लावला. जगात आपल्याला समजून घेणारं एक तरी माणूस आहे, असं वाटून मला रडू आलं. गाडी अडखळत होती आणि मी रडत होतो.

पाहुणे आले ते धो धो पावसात. तिचे आईवडील, नीलेश आणि स्वतः वैशाली. (मुलीने लग्नाआधी घर बघायला यायचं म्हणजे गावात चर्चा, पण ती आली. मला जितका आनंद झाला, तितकीच धडकी भरली.) तिची आई माजघरात आईकडे गेली. बाकी सगळे ओटीवर, शांतारामकाकाही न बोलावता. अण्णांनी पावसाचा विषय काढला. तो आमच्याकडे तासभर पुरतो. पण नीलेशने घड्याळ बघितलं आणि खुर्ची टेबलापाशी ओढली.

"सर, बघूया?"

मी गेम लावला. शपथेवर सांगतो, इतक्या मनापासून मी देवाला कधी हाक मारली नव्हती. झाडं, ढग, सावल्या, सगळं नीलेशने परत चालू केलं. गाडी सुटली. छान गेली. वैशाली माझ्याकडे बघून हलकेच हसली.

आणि आतून आवाज आला, "गेम लावलास काय रे?"

"हो आई," मी घसा साफ करत म्हणालो. "लावलाय."

"बरं झालं!"

थोड्या वेळाने पहिला गचका आला. नीलेशने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. दुसरा गचका. मग गाडी तशीच, रडत, थांबत. मागच्या सगळ्या गाड्या तिला ओलांडून गेल्या. शर्यतीत आम्ही शेवटचे आलो.

"पळतो म्हणाला होतात," नीलेश म्हणाला.

"व्हायरस हाय," शांतारामकाकांनी माझी बाजू घेतली.

नीलेशने कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटकन काढला. "केवढं तापलंय! मागून हवा जातेय का याची?" आणि तो उठून सरळ माजघरात गेला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे वैशाली, तिचे वडील, अण्णा आणि सगळ्यांत मागे, सुरक्षित अंतरावर, काका.

माजघराच्या बाजूने खिडकीचे गज दिसतच नव्हते. तिथे चिमटे लावून ओळीने टांगले होते माझे पायमोजे, अण्णांचा टॉवेल, माझं भोकांचं बनियन आणि मध्यभागी, बरोबर पंख्याच्या वाऱ्यावर, माझी निळ्या पट्ट्यांची चड्डी. ती वाऱ्याने फुगून हलत होती.

बाहेर पाऊस पडत होता.

"आई," मी कसाबसा म्हणालो, "हे काय आहे?"

"काय म्हणजे? कपडे हायत," आई म्हणाली. "गेम लावलास की मागनं झकास ऊन वारा येतो. नुसता टायपिंग करतोस तेव्हा नाय येत, म्हणून तर विचारते मी. बंद केलास की काढून ठेवते परत, गार लोखंडावर ठेवून काय फायदा? आज अंगात घातलायस तो शर्ट कुठं वाळला, काय वाटतं तुला?"

नीलेशने दोन बोटांनी चिमटे काढून कपडे खाली ठेवले. चड्डी त्याने शेवटी काढली. ओटीवर गाडी थोड्याच वेळात सुसाट पळू लागली. मशीन बिचारं तापून स्वतःला जपण्यासाठी सावकाश चालत होतं. मला हे माहीत होतं. मशीनच्या मागे काही ठेवू नका, असं मी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगायचो.

नीलेश माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही कॉम्प्युटर शिकवता ना?"

मी मान खाली घातली. समोर जमिनीवर माझं बनियन होतं, म्हणून ती दुसरीकडे वळवली. तर तिकडे वैशाली तोंडाला पदर लावून थरथरत होती. ती रडते आहे असं मला वाटलं. संपलं सगळं, मी मनात म्हणालो.

तेवढ्यात तिच्या आईने खाली वाकून माझा एक पायमोजा उचलला. दाबून बघितला. गालाला लावला. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हा कोरडा आहे."

"आषाढात?" तिचे वडील म्हणाले, आणि त्यांनी दुसरा उचलला.

चार दिवसांनी मामांकडून निरोप आला, स्थळ पसंत आहे. मी हुरळून गेलो. शेवटी माणसाची पारख झाली, असं अण्णांना सांगून आलो. खरं काय झालं होतं ते लग्नानंतर वैशालीने सांगितलं. नीलेश 'नाही' म्हणाला होता. ज्याला स्वतःच्या मशीनमागे काय लोंबतंय ते कळत नाही, त्याला बहीण द्यायची नाही, म्हणाला. पण तिची आई ठाम होती. "मुलगा कसाही असू दे. पावसाळ्यात कपडे वाळणारं घर महाड-पोलादपुरात दुसरं दाखव."

"आणि तू?" मी वैशालीला विचारलं. "तू का हो म्हणालीस?"

"मी कुठे काय म्हणाले?" ती म्हणाली. "मला हसूच आवरत नव्हतं. आईला वाटलं, मी खूश आहे."

पुढे आम्हाला मुलगी झाली आणि दुपट्यांची भर पडली. तेव्हापासून पावसाळाभर माजघरातून दोन आवाज येतात. एक आईचा, "गेम लावलास काय रे?" आणि दुसरा वैशालीचा, "अहो, लावा ना लवकर, दुपटी ओली आहेत." कॉम्प्युटर सर मुकाट्याने गेम लावतात. पहिली दहा मिनिटं गाडी सुरेख जाते, मग गचके. शर्यतीत मी आजही शेवटचाच येतो, पण कोरडी चड्डी घालून येतो.