लिंबू टोचलेला चाकू

माझ्या खिशात रोज चाकू असतो. चष्मा घरी विसरेन, मोबाईल विसरेन, चाकू विसरत नाही. यावर लोकांना जे बोलायचं ते सगळं बोलून झालेलं आहे. "कोणाले भोसकाचं आहे काय गा?" हा आमच्या ऑफिसातला बारमाही विनोद. आणि हा विनोद करणारे झाडून सगळे पेढ्यांच्या पुड्याची सुतळी कापायला माझ्याच टेबलाशी यायचे. मी मुकाट्यानं चाकू काढून द्यायचो आणि मनातल्या मनात शिव्या घालायचो.

रिटायर होईपर्यंत बरेच जमले. लाकडी मुठीचा एक, त्याचं कडं फिरवलं की पातं घट्ट अडकून बसतं. लाल मुठीचा, कात्री आणि बूच काढायचा स्क्रू असलेला. संत्र्याच्या रोपाला डोळा भरायचा बारीक कलमचाकू. खटक्याचे दोन. नागपुरात हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा बैठकीत त्यांच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं, देवघराच्या आधी, आणि त्यावरून हिनं माझ्याशी अबोला धरला होता.

सगळ्यांत लाडका मात्र कपाटात कधीच गेला नाही. तो माझ्या बाबांचा. शिंगाची मूठ, साध्या पोलादाचं पातं, ते अडकवून ठेवायला खटका नाही. उघडला की नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभा राहतो. त्याची दोन पथ्यं. आंबट लागलं की पातं काळं पडतं, आणि पात्याच्या पाठीवर दाब आला की तो मिटतो. मुठीभोवती बोटं असतील तर बोटांवरच मिटतो. बाबांच्या तर्जनीवर त्याची पांढरी खूण होती, आणि ती दाखवूनच त्यांनी मला तो कसा धरायचा ते शिकवलं होतं.

पोराचं लग्न ठरलं. मुलगी रामटेककडची, घरी धानाची शेती. मुलीचे वडील, म्हणजे आमचे इवाई, घर बघायला आले. चहा समोर ठेवला तरी ते उठून काचेच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. एकेक चाकू निरखून पाहिला. मग येऊन चहा प्यायले, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि गेले.

ते फाटकाबाहेर पडत नाहीत तो पोरगा माझ्यासमोर.

"बाबा, हे सगळं लग्नाआधी घराबाहेर गेलं पायजे."

"काहून?"

"काहून म्हणजे? ते कसे पाहून राहिले होते, पायलं नाही तुम्ही? रोज पेपरात नागपूरची चाकूबाजी वाचतात ते लोक. अशा घरात कोण पोरगी देईन?"

"मी काय गुंड आहे काय रे?"

"मले माहीत आहे. त्याइले काय माहीत?"

मग मेट्रोचं प्रकरण निघालं. एकदा स्टेशनवरच्या तपासणीत माझ्या खिशातून चाकू निघाला होता, आणि त्याला ऑफिस सोडून मला घ्यायला यावं लागलं होतं. माझं टाळकं सरकलं. जे तोंडाला येईल ते बोललो. पण लग्नघर होतं, आणि हिचा चेहरा इतका उतरला होता की शेवटी मीच हात टेकले. सगळे चाकू तेलाचा हात फिरवून पेटीत घातले आणि पेटी मनीषनगरला मित्राकडे नेऊन ठेवली. बाबांचा चाकू खिशात राहिला. तेवढा पोरानं चालवून घेतला.

लग्न संध्याकाळी होतं, रामटेकच्या वाटेवरच्या एका लॉनवर. सकाळी घरी हळद. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून. लग्न लागेपर्यंत ती हातातून खाली ठेवायची नाही. बाजारातून कट्यार आणलेली होतीच. आक्कानं, माझ्या मोठ्या बहिणीनं, ती मोठ्या थाटात म्यानातून उपसली. मूठ तेवढी तिच्या हातात आली आणि पातं म्यानातच राहिलं.

सगळे हसले. आक्का हसली नाही. भाजीचा सुरा तिला चालेना, कारण त्यानं आदल्या दिवशी कांदे चिरले होते. मग ती माझ्याकडे वळली आणि तिनं हात पुढं केला.

"दे गा. तुह्या खिशात आहे नं?"

"आक्का, तो नको. त्याले खटका नाही. बंद होते तो."

"उघडा धरला तं बंद कायले होईन?"

"बोटावर येते वं पातं!"

"शुभाच्या वेळेले काय बोलून राहिला! तोंड आवर."

मी मनीषनगरच्या मित्राला फोन लावला. पेटीतला कड्याचा चाकू मिळाला असता तर प्रश्नच मिटत होता. पण मित्र पुण्याहून येणाऱ्या गाडीत बसलेला. थेट लॉनवरच येतो म्हणाला, घराला कुलूप. इकडे बायका हळदीचे हात घेऊन खोळंबलेल्या. मी चाकू काढून दिला. आक्कानं लिंबू टोचलं, रस पात्यावरून ओघळत मुठीपर्यंत आला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला पात्याचंच वाईट वाटलं.

पोरानं माझा चेहरा पाहिला. "धुऊन देईन मी तुमचा चाकू. काळजी नका करू."

"चाकू गेला खड्ड्यात. हे पाय, पात्याच्या पाठीले काही लागू देऊ नको. मूठ सैल धर. बोटं पात्याखाली नको."

"हव, हव," तो म्हणाला आणि फोटोवाल्याकडे वळला.

दिवसभर मी त्याच्या त्या मुठीकडे बघत होतो. पाहुणे काय बोलत होते, जेवायला काय होतं, मला काही सांगता येणार नाही. निघताना मी नवरदेवाच्या गाडीत हट्टानं त्याच्या शेजारी बसलो. रस्त्यात गतिरोधक आला की माझा हात आपोआप त्याच्या मुठीकडे जायचा आणि तो वैतागून हात बाजूला घ्यायचा. पोरगा दिवसभर की-बोर्डवर काम करतो. त्याची दहाही बोटं त्याचं पोट आहेत. कन्हानचा पूल ओलांडताना मी मनात म्हटलं, आता थोडंच राहिलं, अक्षता पडल्या की सुटलो.

लॉनचं फाटक समोर आलं आणि त्याच्या दोस्तांनी त्याला गाडीतून ओढून काढलं. डीजे सुरू झाला. पोट्टे भैताडासारखे बेभान नाचत होते. मी ओरडलो, "उचलू नका त्याले!" त्या आवाजात मला माझंच ऐकू येईना. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यानंही आनंदात दोन्ही हात बाजूला पसरले, एका हातात चाकू, टोकावर लिंबू. शेजारून दिव्यांची छत्री डोक्यावर घेतलेला एक जण चालला होता. छत्री कलली. मी पाहिलं की तिचा दांडा नेमका पात्याच्या पाठीवर येतो आहे.

दोघातिघांना ढकलून मी आत घुसलो आणि त्याच्या मुठीवर माझा हात घट्ट आवळला. पातं मिटलं. ते माझ्या बोटांवर मिटलं. आधी नुसतं थंड लागलं, मग आग झाली.

"सोडा ना बाबा!" नेमकं गाणं थांबलं तेव्हाच पोरगा वरून ओरडला. "काही होत नाही तुमच्या चाकूले!"

डाव्या हातानं मी पातं पुसून परत उभं केलं, लिंबू नीट बसवलं आणि उजवी मूठ मिटून घेतली. मुठीतून रक्त मनगटावर उतरत होतं. कोणी पाहिलं तर काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. वरातीत नवरदेवाच्या चाकूला रक्त लागलं म्हटल्यावर आक्का तिथंच मट्कन बसली असती. आणि पुढं त्या पोरीच्या संसारात नुसतं दूध नासलं असतं तरी लोकांनी आजची गोष्ट काढली असती. मी बाहीचं टोक मुठीत कोंबलं आणि चालत राहिलो.

फाटकात इवाई उभे होते. पांढराशुभ्र शर्ट, हातात हार, मागे सगळी सोयरमंडळी, समोर कॅमेरा. इवाईभेट! ती मी साफ विसरलो होतो. कुंकवाचा करंडा पुढं आला. डाव्या हातानं टिळा लावता येत नाही. मी मूठ मिटलेलीच ठेवून अंगठ्यानं कसाबसा टिळा लावला. मग गळाभेट. त्यांनी मला मिठी मारली, मीही हात त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि काढला तेव्हा पांढऱ्या शर्टावर लालभडक डाग होता.

या माणसानं माझं कपाट पाहिलं होतं. आता हा काय बोलेल, आणि कोणासमोर?

इवाईंनी खांद्याकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं. आणि करंडा धरलेल्या पोरीकडे वळताना असा काही कोपर मारला की अख्खं कुंकू त्यांच्या खांद्यावर सांडलं.

"हात् तेरी! सांडलं पाय कुंकू!" ते मोठ्यानं म्हणाले. "चला, शुभच झालं." सगळे हसले. ते खांदा झटकायला माझ्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "हात खिशात घाला."

पाण्याच्या टाकीमागे जाऊन मी बोटांवर हळद दाबली, रुमाल गुंडाळला. मंगलाष्टकं उभ्यानं ऐकली, हात खिशात. अक्षता डाव्या हातानं टाकल्या, तेव्हा समोरून आक्कानं डोळे वटारले. शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि मला तिथंच रडू आलं. मुलाचं लग्न लागलं म्हणून रडतो आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि तेही काही खोटं नव्हतं.

पंगतीत पोराला रुमाल दिसलाच.

"काय झालं?"

"चाकू लागला."

"आजच्या दिवशीही?" तो आवाज दाबून म्हणाला, कारण शेजारी नवी नवरी बसली होती. "आजच्या दिवशी तरी हात लावायचा नव्हता ना बाबा त्याले. म्हणूनच मी म्हणून राहिलो होतो, नको घरात."

मला असा राग आला की ताट फेकावं. पलीकडे इवाई तुपाची वाटी घेऊन वाढत होते, त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहून नको म्हणून मान हलवली. ते पुढच्या पानाकडे गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोटांना टाके घातले आणि इतका उशीर केल्याबद्दल रागावले.

मग टाके निघाल्यावर घरी सत्यनारायण झाला. इवाई आले. प्रसाद खाऊन झाल्यावर उठले आणि सरळ काचेच्या कपाटासमोर गेले. त्यात आता आहेरात आलेले पेले होते.

"इवाई, चाकू कुठी गेले?"

मी पोराकडे पाहिलं. तो चाचरत म्हणाला, "काढून टाकले. तुम्हाले आवडले नाही असं वाटलं."

"कोण म्हनलं? मी तं त्या दिवशी त्यातला एक मागाव म्हनत होतो. नवी सोयरीक, लाज वाटली."

"नाही, पण आता नकोच," पोरगा म्हणाला. "लग्नातही बाबांनी हात कापून घेतला, पाहा ना."

इवाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मान हलवली नाही. लग्न लागलं होतं, पूजा झाली होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "चाकू धरला होता त्या हाताची बोटं मोजा बरं."

पोरगा हसला. मग त्यांचा चेहरा पाहून त्यानं खरंच हात पुढं धरला. "पाच."

"पाच हायेत, कारन तुमच्या बाबानं मधात हात घातला. मी फाटकात उभा होतो, माह्या डोयानं पायलं. चाकूले काही होत नाही म्हनून तुम्ही वरतून वरडले, तेही आयकलं."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. पोरगा माझ्याजवळ येऊन बसला, त्यानं माझा हात मांडीवर घेतला आणि तर्जनी वाकवून पाहिली. ती आता पूर्ण वाकत नाही.

"बाबा, बोलले काहून नाही तुम्ही?"

"बोललो होतो नं बापा. हळदीलेच बोललो होतो."

तो माझा हात सोडेना. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, इतके दिवस साठवून ठेवलेलं सगळं, पण त्याची ती पाच बोटं माझ्या बोटाभोवती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता तो एकटाच मनीषनगरला गेला आणि पेटी घेऊन आला.