फक्कीआण्णांची रेघ

आमच्या आण्णांचे हात कायम पांढरे असत. मैदान आखायची चुन्याची पूड, म्हणजे फक्की, त्यांच्या बोटांच्या चिरांत, नखांत, इतकंच काय कानाच्या पाळीवरही बसलेली असे. एकदा संघातल्या एका मुलीच्या बहिणीच्या लग्नाला ते नवाकोरा सदरा घालून आले, नवरदेवाच्या खांद्यावर कौतुकाने हात ठेवला आणि त्याच्या काळ्या कोटावर पाचही बोटं उठवून जेवायला गेले. लग्नाच्या व्हिडिओत ती बोटं अजून दिसतात. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदांवर असेल. आम्ही त्यांना फक्कीआण्णा म्हणायचो, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

सोलापूरच्या बाहेर, मंगळवेढ्याच्या रस्त्याला आमची मुलींची निवासी खो-खो अकादमी होती आणि आण्णा तिथले प्रशिक्षक. सकाळी सराव, मग शेजारच्या शाळेत वर्ग, संध्याकाळी पुन्हा सराव. मी सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मला तिथं सोडताना वडिलांनी आण्णांना माझ्यादेखत सांगितलं, "दहावीपतुर ठिवतो. पास झाली तर ऱ्हाऊ द्या. नापास झाली तर मेंढरं हायतच." आण्णा म्हणाले, "बरं की." मला दोघांचाही राग आला. मी काय शाळा शिकायला आले होते? मी खांबावर सूर मारायला आले होते!

पण आण्णांचा एक नेम होता. रोज संध्याकाळी ते स्वतःच्या हाताने मैदानाची चौकट आखत आणि मग रेघेवर उभे राहून एकेकीची अभ्यासाची वही बघत. "वही दाखव, मग रेघ वलांड." वही लिहिलेली नसेल तर ती मुलगी संध्याकाळभर रेघेबाहेर. मग ती कॅप्टन असो की अकादमीच्या अध्यक्षांची पुतणी. पुतणी एकदा रडून घरी फोन करून आली. आण्णांनी तिला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणून दिली, शेजारी बसून पोटभर खायला लावली, आणि बसवलं मात्र रेघेबाहेरच.

आता आतली गोष्ट सांगते. आण्णांची शाळा नववीतच सुटली होती. ते वही बघायचे म्हणजे काय, तर वर आजची तारीख आहे का आणि पान खालपर्यंत भरलंय का, एवढंच. बीजगणित त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझी चंगळच झाली. मी एक सोपंसं गणित धरलं. बापाच्या आणि मुलाच्या वयांची बेरीज साठ, बाप मुलाच्या तिप्पट, तर वयं काढा. रोज तेच गणित, फक्त तारीख नवी. एकोणीस दिवस माझ्या वहीत बाप पंचेचाळीसचा होता आणि मुलगा पंधराचा, आणि एकोणीस दिवस आण्णा खाली ऐटीत सही करून म्हणत होते, "वा सोने! अक्षर लई सुदारलं की तुझं."

सहामाहीत मला गणितात अकरा मार्क पडले. गणिताच्या बाई तरातरा मैदानावर आल्या आणि माझी वही आण्णांसमोर धरून एकेक पान उलटत गेल्या. "हे बघा. हेही तेच. हेही तेच. आणि प्रत्येकावर तुमची सही!" संघातली माझी जीवाभावाची मैत्रीण लक्ष्मी, विणकरांच्या घरातली, घाबरली की तेलुगूत पुटपुटायची, तिची पुटपुट सुरू झाली तेव्हाच मी ओळखलं की आता माझी गठुडी बांधायची वेळ आली.

आण्णा ओरडले नाहीत. बाई गेल्यावर त्यांनी वहीतल्या आपल्या सह्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, "तू मला फशिवलंस, त्याचं काय न्हाय. मी एकोणीस डाव सही केली अन् मला कळलं न्हाय, त्याचं वाईट वाटतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून शहरात गेले आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आले. आल्या आल्या सगळ्यांना रेघेवर उभं करून सांगितलं, "औंदा मीबी दहावीला. जो गणितात पास हुईल त्यो रेघंच्या आत. नापास झाला की भायेर. मग त्यो कुणीबी असूदे." वय त्रेपन्न! आम्ही हसून हसून लोळलो. आण्णाही हसले, पण बोललेलं मागे घेतलं नाही.

मग आमच्या मैदानावर जे सुरू झालं ते बघायला गणिताच्या बाईसुद्धा येऊन उभ्या राहत. सात जणी ओळीत आपापल्या चौकोनात बसायच्या आणि ज्या मुलीला 'खो' मिळेल तिने उठून गणिताची पुढची पायरी सांगायची. चुकली की पहिल्यापासून. आण्णा शेवटच्या चौकोनात मांडी घालून बसायचे, आणि त्यांच्यापर्यंत पोचेतो बहुतेक गणितं सुटलेली असत, हे त्यांनी बरोब्बर हेरलं होतं. लक्ष्मीने त्यांना पहिल्या चौकोनात आणून बसवलं तेव्हा म्हणाले, "लई शानी झालीस."

बरोबरच्या चिन्हापलीकडे आकडा नेला की अधिकचं उणं का होतं, हे मला आजवर कुणी पटवलं नव्हतं. मी नुसतं पाठ केलेलं आण्णांना बडबडून दाखवलं. त्यांनी कान खाजवला, आणखी थोडी फक्की कानाला लागली, आणि म्हणाले, "म्हंजे ह्यो खांबच की गं! पळताना मधीच तोंड फिरवता येत न्हाय. खांब वलांडला की फिरतं. तसंच ना?" त्यांना शिकवता शिकवता मलाच गणित कळायला लागलं होतं आणि हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

परीक्षेला आमचं केंद्र एकच आलं. आण्णा इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून आमच्याबरोबर फाटकातून शिरले, तर शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." आण्णांनी छाती काढून सांगितलं, "मी पालक न्हाय. परीक्षार्थी हाय!" शिपायाने आधी हॉल तिकिटाकडे, मग आण्णांकडे आणि शेवटी आभाळाकडे बघितलं. गणिताच्या पेपरआधी आम्ही सगळ्या त्यांच्या पाया पडलो आणि तेही घाईघाईत माझ्या पाया पडायला वाकले. "आण्णा, असं काय करताय!" म्हणून मी किंचाळले. म्हणाले, "मास्तर न्हाय का माझी?"

निकाल मैदानावरच, मोबाईलवर बघितला. मला गणितात अठ्ठावन्न. लक्ष्मी पास, सगळ्या पास. मी नाचतच होते, तेवढ्यात आण्णांचा निकाल उघडला. मराठी, इतिहास, विज्ञान, सगळं निघालं होतं. गणितात एकोणतीस. नाचणं जिथल्या तिथे थांबलं. आण्णांनी फक्कीची पिशवी लक्ष्मीच्या हातात दिली, चप्पल घातली आणि चालत चालत रेघेबाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसले.

दहा दिवसांवर राज्याच्या संघाची निवड होती, आणि तीही आमच्याच मैदानावर. अध्यक्ष स्वतः येऊन विनवणी करू लागले, "आण्णा, हट्ट सोडा, फेरपरीक्षा आहे की जुलैत." आण्णा म्हणाले, "मग जुलैत बगू. नेम माझाच हाय न्हवं?" मी तर भांडलेच. "माझी निवड हाय आन् तुमी झाडाखाली बसणार? मला खांबावर कोण सांगणार?" ते म्हणाले, "हितनं सांगतो की. आवाज काय नापास झाला न्हाय माझा."

मुलींनी मग एक आगाऊपणा केला. आण्णा दुपारी डोळा लागून पडले असताना आम्ही सबंध पिशवीभर फक्की वापरून मैदानाची बाहेरची रेघ अशी वाकडी नेली की कडुनिंब आत आला. आण्णा जागे झाले, चहूकडे बघितलं आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग उठले, सतरंजी झटकली आणि नव्या रेघेच्या बाहेर, भर उन्हात जाऊन बसले. सोलापूरचं ऊन ते! आम्हीच धावत जाऊन रेघ पुसली आणि त्यांना परत सावलीत आणलं.

निवडीच्या दिवशी ते तिथूनच ओरडत होते. "सोने, खांब धर! तोंड फिरव! फिरव की!" मी सूर मारला, गडी बाद झाला. राज्याच्या संघात माझं नाव आलं तेव्हा सगळ्या मला उचलायला धावल्या आणि मी मात्र त्यांच्या हातांतून निसटून रेघेकडे पळाले. आण्णा रेघेपलीकडे, मी अलीकडे. मला आनंद झाला होता आणि भयंकर रडूही येत होतं, कारण त्या एकोणतीस मार्कांची मास्तर मी होते. पुढचे सहा आठवडे रोज सरावानंतर मी कडुनिंबाखाली बसून त्यांना गणित शिकवलं. त्यांची वही मी शब्द न् शब्द वाचत होते.

फेरपरीक्षेत आण्णांना एक्केचाळीस मार्क पडले. आम्ही थाळ्या वाजवत त्यांना आणायला गेलो. ते रेघेपाशी आले आणि थांबले. काखेतली वही काढून माझ्यापुढे धरली. "बग. मग येतो आत." मी शेवटचं पान वाचलं, त्यांच्याच ऐटीत सही केली आणि बाजूला झाले. आण्णा उजवा पाय आधी टाकून आत आले, तसा पाय आमच्या नवरदेवांनीसुद्धा बोहल्यावर टाकला नसेल.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आण्णा निवृत्त होऊन मोहोळजवळ आपल्या गावी राहतात आणि त्यांच्या जागी अकादमीत मी आहे. फक्की माझ्या नखांत बसते, वह्या माझ्यापुढे येतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "बारावीचा फॉर्म भरलाय. ही बग वही." मी अंगणात बाजेवर बसले होते. पन्नास गोष्टी सांगायच्या होत्या, नव्या मुली कशा खेळतात, लक्ष्मीला रेल्वेत नोकरी कशी लागली. बोलता बोलता मी पानं उलटली, तारखा बघितल्या, चार पानांवर चार सह्या ठोकल्या. "वा आण्णा, अक्षर छान आहे हं."

आण्णांच्या मिशीत हसू फुटलं. "सोने, वाच की जरा."

मी वाचलं. मराठीची वही, आणि चारही पानांवर बाप पंचेचाळीसचा आणि मुलगा पंधराचा.

"तारीख बदलली की तुलाबी चालतं व्हय?" म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आतून काकू पाणी घेऊन धावत आल्या. पाणी पिऊन झाल्यावर आण्णांनी गंभीर चेहऱ्याने अंगणाबाहेर बोट दाखवलं. मी मुकाट्याने उठले, अंगणाच्या कडेला दगडावर जाऊन बसले आणि माझा चहा काकूंनी तिथं आणून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकादमीत मी रेघेवर खुर्ची टाकली. अठ्ठावीस वह्या होत्या. पहिली उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मुली रांगेत चुळबुळत होत्या. मागून एकीचा आवाज आला, "ताई, आज खेळायचं न्हाय का?" दुसरी एक मुलगी मात्र हळूच रांगेतून मागे सरकून, गुडघ्यावर वही ठेवून भराभरा लिहायला लागली होती.