वाढवलेली पोत

अकोल्यातलं एक प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. मी नुकताच फौजदार झालो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे ठाण्यातल्या जुन्या माणसांशी बोलताना मी चाचरायचो. वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं, त्याला फार काळ झाला नव्हता. जबलपूरकडचे आमचे हवालदार अजूनही जबाब हिंदीतच लिहीत.

फिर्याद एका निवृत्त वकिलांची होती. त्यांना राहतं घर विकायचं होतं. घेणारे गृहस्थ अमरावतीचे, पाय मोडून अंथरुणावर पडलेले. त्यांनी निरोप पाठवला की आतल्या खोल्यांचे फोटो पाठवा. असे फोटो पाहून घर घ्यायचं, हे तेव्हा नवलच होतं. लोक फोटो काढून घेत ते लग्नात. दलालाने एक तरुण फोटोवाला आणला. तो हिवरखेडचा, बौद्ध कुटुंबातला. अकोल्यात त्याने नवाच स्टुडिओ टाकला होता. बैठकीपासून माजघरापर्यंत त्याने सगळ्या खोल्या टिपल्या. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या पत्नीची सोन्याची पोत, म्हणजे मंगळसूत्र, सापडेना.

पोत माजघरातल्या पेटीतून गेली, असं वकिलांनी फिर्यादीत लिहिलं. बाहेरचा माणूस आत आला तो फोटोवाला एवढाच, असंही लिहिलं.

"दलालही आला होता ना?" मी चाचरत विचारलं.

"ते आमच्या ओळखीचे आहेत," वकील म्हणाले.

त्याच दलालाने ठाण्यात खबर दिली की फोटोवाला सराफ्यात दिसला. हवालदारांनी त्याला उचलून आणलं. स्टुडिओतले फोटो पंचनामा करून जप्त केले.

"सराफ्यात काहून गेला होता?" मी विचारलं.

"सराफाच्या नातवाचं बारसं होतं, साहेब. त्याचे फोटो काढाले गेलतो. ईचारा त्याईले."

चौकशी केली, ते खरं निघालं. हवालदारांचं मात्र समाधान झालं नाही. त्यांनी वकिलांच्या पत्नीचा जबाब माझ्यापुढे सरकवला.

"साब, बाई ने खुद बताया है, उसी दिन पोत बढ़वाई। मतलब सुनार से लंबी करवाई। सुनार को माल मालूम, इसको घर मालूम। दोनों मिले हुए हैं।"

फोटोवाला खाली मान घालून बसला होता. "साहेब, उद्या मी कोर्टातून सुटलो तरी काय? चोरीचं नाव लागलं तं मले कोन घरात घेईन? फोटोवाल्याले घरातच घेतलं नाई, तं तो काढन काय?"

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. मी जबाब पुन्हा वाचला आणि 'बढ़वाई' या शब्दावर अडलो. आमची आई कधी 'बांगडी फुटली' म्हणाली नाही. 'वाढली' म्हणायची. सौभाग्याच्या वस्तूला फुटली, तुटली म्हणायचं नसतं. बाईंनी 'वाढली' म्हटलं असेल, आणि हवालदारांनी त्याचं हिंदीत 'बढ़वाई' केलं असेल. पण त्यांची नोकरी माझ्या वयाएवढी. ही शंका त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. जागा पाहून येतो म्हणालो आणि जप्त केलेले फोटो, फोटोवाला आणि एक शिपाई यांना घेऊन वकिलांच्या घरी निघालो.

नवऱ्यासमोर बाई एक सांगते आणि एकटी असली की दुसरं, एवढं मला तोवर कळलं होतं. मी वकिलांना मागच्या भिंतीची उंची दाखवायला शिपायाबरोबर पाठवलं. फोटोवाला पायरीवर बसला.

"काकू, पोत सोनाराकडून लांब करून घेतली होती का?"

"लांब कायले करू बापा, या वयात?" त्या हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वाढली. फोटोसाठी पेटी सरकवली, तं कडीत अडकली न वाढली. तसंच सांगतलं मी त्या हवालदारदादाले."

"मग वकीलसाहेबांना का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? मानूस समोर धडधाकट बसला हाय, न मी म्हनू का पोत..." पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

मणी आणि वाट्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यांनी माजघराच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. पेटी ही फक्त नवऱ्याला दिलेली थाप होती. मी घाईने जप्त फोटोंतून माजघराचा फोटो शोधून पाहिला. त्यात कोनाडा रिकामा होता.

"पाहा, म्हंजे त्यानंच नेली," काकू म्हणाल्या.

मी फोटोवाल्याला आत बोलावलं आणि कोनाड्यावर बोट ठेवलं.

"तो वकीलसाहेबानं रिकामा केला, साहेब. दलाल म्हने, घर मोकळं दिसलं पाह्यजे. त्याईनं सारं उचलून या कोटात कोंबलं." त्याने फोटोतल्या खुंटीवरचा काळा कोट दाखवला. खिसा टम्म फुगला होता. "मी म्हनलो, कोट काढा, फोटोत बेढब दिसते. तं म्हनले, राहू दे, वकिलाचं घर हाय."

कोट अजून त्याच खुंटीवर होता. वकिली सुटल्यापासून तो कोणी घालत नव्हतं. वकील परत आले तेव्हा मी त्यांनाच खिशात हात घालायची विनंती केली. काडेपेटी निघाली, अडकित्ता निघाला, आणि मग ती पुरचुंडी.

"अहो, पण हे इथे कसं?"

"जलमभर दुसऱ्याईच्या चोऱ्या सोडवल्या," काकू म्हणाल्या, "न घरातली सोताच केली!"

सगळ्यात आधी शिपाई हसला. वकिलांना हसू आलं नाही. दारापुढे शेजारी जमले होते. चाचरतच मी वकिलांना म्हणालो, "साहेब, आळ सगळ्यांना ऐकू गेला आहे." ते ओट्यावर गेले आणि कोर्टात बोलावं तसं खणखणीत बोलले, "पोत घरातच होती. या मुलाचा काही दोष नाही."

फोटोवाला भिंतीला टेकला. मग म्हणाला, "आता तरी कोट काढा, साहेब. फोटो पुन्हा घेतो."

"आंधी चहा घे," काकू आतून ओरडल्या. "आत ये, बाहेर काय उभा राहून राहिला!"

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. जबाब ज्याचा, शब्दही त्याचेच हवेत. पुढे कुठल्याही ठाण्यात गेलो तरी लिहिलेला जबाब मी त्या माणसाला वाचून दाखवायचो आणि विचारायचो, "तुम्ही हेच म्हणालात ना?" यात वेळ जातो, हाताखालचे लोक कुरकुरतात. पण आपण लिहिलेल्या एका शब्दावर एखाद्याची सगळी अब्रू टांगलेली असू शकते.

अमरावतीच्या गृहस्थांनी ते घर घेतलं की नाही, मला कळलं नाही. गस्तीवर असताना फोटोवाला मात्र अधूनमधून त्याच गल्लीत दिसायचा. कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन तो कुणाच्या ना कुणाच्या दारातून आत जात असायचा, आणि दरवेळी मला हायसं वाटायचं.