समोरासमोर आलेल्या दोन वराती

१४ डिसेंबर. पुतण्याच्या वरातीचा बँड सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. ठरवलाही मीच होता. बँडमास्तर सत्तरीचे, गळ्यात ड्रम, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवलेले. गाणं सुरू करण्याआधी ते काडी स्वतःच्याच मांडीवर आपटून बघायचे.

पंचवटीतल्या अरुंद गल्लीत समोरून मालेगावचा भलामोठा बँड आला. अशा वेळी ज्याचं वाजवणं दबतं, त्याची वरात बाजूला होते. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या या म्हाताऱ्यामुळे आज आपलं हसं होणार!"

मास्तरांनी मान तिरकी केली आणि एक डुलता, लाडिक ठेका धरला. समोरचा बँडवाला ऐकता ऐकता थांबला, पुढे आला आणि भर गल्लीत त्यांच्या पाया पडला.

"उस्ताद, तुम्हीच शिकवलं मला. तुमची वरात आधी जाऊ द्या."

"पाया काय पडतोस? तिकडे नवरदेव ताटकळलाय तुझा! धर ठेका!" मास्तर खेकसले.

दोन्ही बँड एकत्र वाजले. सगळ्यांत पुढे दीर नाचत होते. माझाच सत्कार झाल्यासारखी मी ताठ चालले.

१५ डिसेंबर. सकाळी मास्तरांना गाठून माझ्या मुलीच्या लग्नातही त्यांनीच वाजवायचं, असं सांगून आले. स्थळ अजून बघायचं आहे.